कम्युटेटर गेला कुठे?

आरसी ट्रकसाठी ब्रशलेस मोटर आणि स्पीड कंट्रोलर निवडायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांतच डोकं गरगरायला लागतं. ३६५०, ३६६०, ४०६८. ३५०० केव्ही, २२०० केव्ही. सेन्सर्ड की सेन्सरलेस? टू पोल की फोर पोल? ६० अँपिअर की १२०? काही मोटरींवर तर केव्ही लिहिलेलंच नसतं, त्याऐवजी १३.५टी नाहीतर १७.५टी. दुकानदाराला विचारावं तर तो म्हणतो, "साहेब, हा कॉम्बो घेऊन टाका, सगळे हाच नेतात." आता सगळे नेतात म्हणून आपणही न्यायचा, हे काही आपल्या जमातीला पटत नाही. (आपली जमात म्हणजे आठवडाभर दुसऱ्याचा कोड वाचायचा आणि शनिवारी स्वतःहून आणखी काहीतरी उकरून काढायचं.)

जुन्या सिस्टिममध्ये एखादं विचित्र नाव दिसलं की आपण आधी चार शिव्या देतो, मग त्याचा इतिहास काढतो, आणि बऱ्याचदा कळतं की ज्याने ते नाव ठेवलं त्याच्यासाठी तेव्हा ते अगदी बरोबर होतं. आरसी मोटरींचंही तसंच आहे. डब्यावरच्या बऱ्याच आकड्यांमागे कुठलातरी जुना, आता नाहीसा झालेला भाग लपलेला आहे. तो भाग कळला की निवड सोपी होते. म्हणून आज थोडा इतिहास. फार नाही, दोनशे वर्षांचा :)

१८२१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने पाऱ्याच्या भांड्यात एक चुंबक उभा केला, वरून एक तार लोंबती ठेवली आणि तिच्यातून वीज सोडली. तार चुंबकाभोवती गोल गोल फिरायला लागली. गंमत छान होती, पण तिच्याकडून काही काम करून घेता येईना. खरं बळ हवं तर तारेची वेटोळी हवीत. आणि वेटोळं चुंबकासमोर ठेवलं की ते फार तर अर्धी फेरी फिरतं आणि थांबतं. उत्तर ध्रुव दक्षिणेला भेटला, विषय संपला. ते फिरतं ठेवायचं तर नेमक्या क्षणी विजेची दिशा उलटवायला हवी. हे उलटवण्याचं काम करणारा भाग म्हणजे कम्युटेटर. १८३२ च्या सुमारास पॅरिसमध्ये इपोलित पिक्सीने अँपिअरच्या सूचनेवरून तो आपल्या जनरेटरला बसवला, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जनने मोटरला.

कम्युटेटर म्हणजे अक्षावर बसवलेलं तांब्याचं कडं, तुकड्यांत कापलेलं. त्याला दोन बाजूंनी ब्रश घासतात. अक्ष थोडा फिरला की ब्रशखाली पुढचा तुकडा येतो आणि वीज पुढच्या वेटोळ्यात जाते. कुठलं वेटोळं केव्हा चालू करायचं हा सगळा निर्णय त्या कापांच्या जागेत आहे. म्हणजे तो तांब्यात कोरलेला प्रोग्रामच म्हणा ना. इनपुट काय, तर अक्षाचा कोन. आउटपुट काय, तर कुठली वेटोळी चालू. हँग होत नाही, रीस्टार्ट लागत नाही. एकच भानगड, तो झिजतो.

हा प्रोग्राम कामाला लावणाऱ्यांमध्ये माझा आवडता माणूस म्हणजे टॉमस डेव्हनपोर्ट. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला लोहार. एका लोखंडाच्या खाणीवर त्याने विद्युतचुंबक पाहिला, तो विकत घेतला, घरी आणून उकलला आणि स्वतःचे चुंबक करायला लागला. तारेवर गुंडाळायला रेशीम हवं होतं म्हणून बायकोने, एमिलीने, लग्नातला रेशमी पोशाख फाडून पट्ट्या करून दिल्या अशी गोष्ट सांगतात. २५ फेब्रुवारी १८३७ ला त्याला विजेच्या मोटरचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट मिळालं. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, त्याने ती मोटर लावून गोल रुळांवर पळणारी एक छोटी गाडी केली होती. विजेवर पळणाऱ्या मॉडेल गाड्यांचं खानदान शोधायला निघालात तर तुम्ही या लोहाराच्या दारात पोचता.

पुढे मात्र त्याची गोष्ट वाईट आहे. वीज यायची बॅटरीतून, बॅटरी खायची जस्त, आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. वाफेच्या इंजिनापुढे त्याच्या मोटरचा हिशोब जमलाच नाही. कर्जबाजारी होऊन १८५१ मध्ये, पन्नाशीच्या आत, तो गेला. मोटर चांगली होती, बॅटरी नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

जनरेटर आले, वीज स्वस्त झाली आणि कम्युटेटरवाली मोटर सगळीकडे गेली. सुरुवातीला ब्रश म्हणजे खरंच तांब्याच्या तारांचा ब्रश असायचा, म्हणून ते नाव. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्सने कार्बनच्या ब्रशचं पेटंट घेतलं. कार्बन मऊ असतो, तो स्वतः झिजतो आणि तांब्याला वाचवतो. ब्रश गेले, नाव राहिलं.

मुंबईकरांना ही मोटर वेगळी सांगायची गरजच नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी आपल्याकडची पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. लोकलच्या खाली ब्रशवाल्या डीसी मोटरी, आणि गती वाढवायची पद्धत अशी की सुरुवातीला मोटरच्या वाटेत मोठमोठे रोधक घालायचे आणि मग ते एकेक करून काढत जायचे. जुनी लोकल सुटताना जे टप्प्याटप्प्याने हिसके बसायचे ते त्या रोधकांचे. वाया जाणारी वीज उष्णता होऊन हवेत जायची. कारशेडमध्ये ब्रश तपासणं आणि बदलणं हे नेहमीचं काम. २००७ मध्ये सीमेन्सची यंत्रणा असलेल्या नव्या गाड्या आल्या, त्यांच्यात तीन फेजच्या, ब्रश नसलेल्या मोटरी होत्या. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर लाइनवर शेवटची डीसी लोकल धावली आणि एक्क्याण्णव वर्षांचा तो अध्याय संपला. ज्यांनी दोन्ही गाड्यांतून उभ्याने प्रवास केलाय त्यांना ब्रश आणि ब्रशलेसमधला फरक पायांना माहीत आहे.

आता म्हणाल, ब्रश नको होते तर आधीच का नाही काढले? काढले की. निकोला टेस्लाने १८८८ मध्येच एसीवर चालणारी, ब्रश नसलेली इंडक्शन मोटर जगापुढे मांडली. आपल्या घरातला जुना छतावरचा पंखा, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी ही सगळी तिची नातवंडं. पण तिची गती पुरवठ्याच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेली. आणि बॅटरीतून फ्रीक्वेन्सी मिळतच नाही, बॅटरी आपली सरळ. म्हणजे बॅटरीवर चालवायचं, गती हवी तशी बदलायची आणि ब्रशही नको, असं तिन्ही हवं असेल तर विजेची दिशा झटपट उलटवणारं काहीतरी बाहेर बसवायला हवं. १८८८ मध्ये तसं हाताशी काही नव्हतं.

गरज मात्र वाढत होती. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांत एक विचित्र प्रकार दिसला. जमिनीवर महिनोन्महिने टिकणारे कार्बनचे ब्रश वर गेले की काही तासांत पीठ होऊन जायचे. ग्रॅफाइट गुळगुळीत लागतं त्यात हवेतल्या ओलाव्याचाही हात असतो. वर हवा कोरडी आणि विरळ, ओलावा नाही, म्हणून वंगण नाही. अंतराळात तर हवाच नाही. म्हणजे तिथे कम्युटेटरचा प्रश्न सोडवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि वाट मोकळी झाली. १९६२ मध्ये टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी एक शोधनिबंध मांडला. विषय असा, की डीसी मोटर, पण कम्युटेशन घन अवस्थेतल्या स्विचांनी. ब्रशलेस डीसी मोटरचा जन्म बहुतेक जण इथून मोजतात. कल्पना सांगायला सोपी आहे. मोटर आतली बाहेर करायची. पूर्वी चुंबक बाहेर आणि वेटोळी आत फिरायची. आता वेटोळी बाहेर, डब्याच्या भिंतीला चिकटून स्थिर, आणि चुंबक आत अक्षावर फिरतो. फिरणाऱ्या भागात वीज न्यायचीच नाही, मग ब्रश हवेत कशाला? वर एक फायदा फुकट. तापतात ती वेटोळी, आणि ती आता बाहेरच्या भिंतीला लागून असल्यामुळे उष्णता सहज निघून जाते.

पण कम्युटेटर गेला म्हणजे त्याचं काम गेलं नाही. कुठलं वेटोळं केव्हा, हा निर्णय कुणीतरी घ्यायलाच हवा. तो आता घेतो स्पीड कंट्रोलर. सहा ट्रान्झिस्टर आणि एक छोटा प्रोसेसर. यात मला सर्वात आवडलेली गोष्ट सांगतो. जुन्या ५४० मोटरमध्ये कम्युटेटरचे तुकडे तीन आणि ब्रश दोन. कागदावर गोल काढून बघा, एका फेरीत जोडणी बरोबर सहा वेळा बदलते. आजचा साधा ब्रशलेस कंट्रोलर एका विद्युत-फेरीत किती पायऱ्या चालतो? सहा. म्हणजे प्रोग्राम तोच राहिला, फक्त तांब्यातून सिलिकॉनमध्ये पोर्ट झाला.

तर आता आपल्या डब्यावरचे आकडे.

पहिला ३६. हा आला ५४० मोटरकडून. जपानच्या माबुची कंपनीची ही मोटर, व्यास साधारण ३६ मिलिमीटर. १९७६ मध्ये टामियाने आपली पहिली आरसी गाडी काढली, १:१२ प्रमाणातली पोर्श ९३४, तिच्यात हीच होती. पुढे १९८६ चा ब्लॅकफूट आणि १९८७ चा क्लॉड बस्टर हे ट्रक आले. क्लॉड बस्टरमध्ये तर दोन मोटरी, पुढच्या अक्षाला एक, मागच्याला एक. जगभरच्या गाड्यांमध्ये त्या आकाराचे खड्डे आणि त्या अंतरावरची स्क्रूची भोकं होऊन बसली. त्यामुळे ब्रशलेस मोटर आली तेव्हा तिलाही त्याच खड्ड्यात बसावं लागलं. ३६५० म्हणजे व्यास ३६, लांबी ५०. ३६६० म्हणजे त्याच व्यासाची पण १० मिलिमीटर लांब. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी, दुसरं काय. तुमचा ट्रक १:१० चा असेल तर बहुधा हाच व्यास बसेल. ४० व्यासाची घ्यायची तर आधी मोजपट्टी घेऊन बसा.

दुसरा आकडा टी, म्हणजे वेटोळ्यात तारेचे किती फेरे. स्वस्त गाड्यांबरोबर येणाऱ्या चंदेरी ५४० मध्ये सत्तावीस. फेरे कमी केले की गती वाढते आणि वीजही जास्त खेचली जाते. त्या काळी स्पर्धेत उतरणारे लोक घरी छोटा लेथ ठेवायचे, दोनचार शर्यती झाल्या की कम्युटेटर काढून त्याचा पृष्ठभाग पुन्हा कातून घ्यायचे, ब्रश बदलायचे, स्प्रिंग बदलायचे. मोटरचं मागचं झाकण किंचित फिरवलं की कम्युटेशन थोडं आधी व्हायचं आणि वरची गती वाढायची. यालाच टायमिंग म्हणत. आज कंट्रोलरच्या मेनूत टायमिंग नावाची जी ओळ दिसते ती म्हणजे ते झाकण. ब्रशलेस आल्यावर शर्यतवाल्यांनी जुने वर्ग शक्य तितके जपले, जुन्या २७टीच्या वर्गात १७.५टी ब्रशलेस आली. म्हणून शर्यतीच्या मोटरीवर आजही टी लिहितात. तुम्हाला शर्यतीत उतरायचं नसेल तर तो आकडा सोडून द्या आणि केव्ही बघा.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला, मोटर मोकळी असताना, मिनिटाला किती फेरे. ३५०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या दोन सेलच्या लिपोवर मिनिटाला २५,९०० फेरे मारेल. मोटर ते चाक एकूण गिअर १२ ला १ असेल आणि चाकाचा व्यास ११० मिलिमीटर, तर चाक मिनिटाला साधारण २,१५८ फेरे, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. हे कागदावरचं. प्रत्यक्षात भार आला की त्याहून कमी. तरी सोसायटीच्या आवारात हा वेग काय दिसतो ते एकदा बघाच, आणि शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. कमी केव्ही म्हणजे जास्त ताकद, असं दुकानात सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं आहे. केव्ही कमी असला की प्रत्येक अँपिअरमागे बळ जास्त मिळतं हे बरोबर. पण त्याच डब्यात बारीक तारेचे जास्त फेरे घाला की जाड तारेचे कमी, तांबं तेवढंच बसतं, आणि तेवढीच उष्णता सोसून मिळणारं बळही साधारण तेवढंच असतं. ताकद ठरवतो तो डबा, म्हणजे त्यात मावणारं तांबं आणि चुंबक. म्हणून जड ट्रकला केव्ही कमी करण्याआधी लांबी वाढवा. ३६५० ऐवजी ३६६०.

तिसरा प्रश्न सेन्सरचा. सहा पायऱ्यांपैकी आत्ता कुठली, हे कळायला चुंबक कुठे आहे ते माहीत हवं. कम्युटेटरला ते फुकट माहीत होतं, तो अक्षावरच बसलेला. नव्या व्यवस्थेत दोन मार्ग आहेत. एक, मोटरीत तीन हॉल सेन्सर बसवायचे. एडविन हॉल हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला विद्यार्थी, त्याने १८७९ मध्ये शोधलेला परिणाम इथे कामाला येतो. दोन, सेन्सर ठेवायचेच नाहीत. सहा पायऱ्यांच्या पद्धतीत कुठल्याही क्षणी तीनपैकी एक तार रिकामी असते. फिरणारा चुंबक त्या तारेत थोडा व्होल्टेज उत्पन्न करतो, तो मोजायचा आणि त्यावरून जागा ओळखायची. हुशार युक्ती आहे. पण चुंबक फिरतच नसेल तर व्होल्टेज कुठला? म्हणून सेन्सरलेस मोटर सुटताना अंदाजाने ढकलून बघते, आणि अंदाज चुकला की ट्रक जागच्या जागी थरथरतो. याला कॉगिंग म्हणतात. दगडांवरून सावकाश चढायचं असेल तर सेन्सर घ्या. मैदानात उधळायचं असेल तर सेन्सरलेस पुरते, चिखलात निखळायला एक वायरही कमी.

आपल्या धंद्याचा हिशोब म्हणून बघा. त्या २५,९०० फेऱ्यांच्या मोटरीत चार ध्रुव असतील तर अक्षाच्या एका फेरीत विजेच्या दोन फेऱ्या. म्हणजे सेकंदाला साधारण ८६३, आणि गुणिले सहा म्हणजे ५,१८० पायऱ्या. प्रत्येक पायरीला १९३ मायक्रोसेकंद. तेवढ्यात मोजायचं, ठरवायचं आणि ट्रान्झिस्टर उलटवायचा. एक चुकली तर मोटर अडखळते. आपल्या ऑफिसात दोन सेकंदांत पान उघडलं तरी पेढे वाटतात.

चौथा प्रश्न कंट्रोलरचा. १९८० च्या दशकातल्या गाड्यांत कंट्रोलर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांवर सरकणारा एक दांडा, त्याला ढकलणारा सर्व्हो आणि एक रोधक. पुढे जायला तीन टप्पे. रोधक इतका तापायचा की हात लावायची सोय नसे. ओळखलंत? जुन्या लोकलचीच छोटी आवृत्ती. मग १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेले पॉवर मॉस्फेट हळूहळू स्वस्त झाले, आणि गती रोधकाऐवजी सेकंदाला हजारदा चालूबंद करून बदलता यायला लागली. गतीचा निर्णय सिलिकॉनकडे गेला, दिशेचा मात्र अजून तांब्याकडेच होता. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियाच्या नोव्हाकसारख्या कंपन्यांनी आरसी गाड्यांसाठी ब्रशलेस जोड्या आणल्या, आणि दशक संपेपर्यंत कॅसल क्रिएशन्स आणि ट्रॅक्सस यांच्या जोड्यांनी ट्रकमध्ये ती नेहमीची गोष्ट करून टाकली.

आणि तेव्हाच का? कारण डेव्हनपोर्ट. मोटर होती, बॅटरी नव्हती. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, पुढे लिपो आरसीवाल्यांच्या हाती लागली, आणि हातात मावणारा पॅक शंभर अँपिअर द्यायला लागला. म्हणून कंट्रोलर घेताना तीन गोष्टी बघा. किती सेलपर्यंत चालतो, कारण व्होल्टेज ओलांडला तर माफी नाही. किती अँपिअर, आणि तो आकडा सततचा आहे की क्षणाचा. आणि लिपोसाठी व्होल्टेज उतरल्यावर गाडी थांबवण्याची सोय चालू आहे ना. सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की त्याचं आयुष्य संपायला लागतं.

राहता राहिला चुंबक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियम, लोह आणि बोरॉनचा चुंबक शोधला. मुठीएवढ्या मोटरीतून आज जे बळ मिळतं त्याचा मोठा वाटा या चुंबकाचा. पण साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेला की कायमची शक्ती गमवायला लागतो. जास्त उष्णता सोसायला त्यात डिस्प्रोसियम घालतात. म्हणून दहा मिनिटं पळवल्यावर मोटरीला बोट लावून बघा. दोन सेकंदही टेकवता येत नसेल तर पिनियनचा एक दात कमी करा. आणि हे फक्त खेळण्यापुरतं नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियमसकट सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, आणि काही महिन्यांत आपल्याकडच्या विजेच्या स्कूटर बनवणाऱ्यांना घाम फुटला. लोहाराला जस्त महाग पडलं होतं, आपल्याला हे पडतंय.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. कम्युटेटर झिजायचा, पण तो डोळ्यांना दिसायचा. कुठे काळा पडलाय, कुठे खाच पडलीय, ब्रश किती उरलाय, हे बारा वर्षांच्या पोरालाही झाकण काढून कळायचं, आणि लेथ असेल तर घरी दुरुस्त व्हायचं. नवा कम्युटेटर झिजत नाही, पण तो दिसतही नाही. तो फर्मवेअर आहे, आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ड्रोनवाल्यांना याचा अनुभव आला. त्यांच्या कंट्रोलरमध्ये बीएलहेली-३२ नावाचं, सोर्स उघड नसलेलं फर्मवेअर फार लोकप्रिय होतं. २०२४ मध्ये ते बंद झालं. तांबं, चुंबक, ट्रान्झिस्टर सगळं धडधाकट, फक्त प्रोग्रामला पुढे वाली नाही. तोवर एएम-३२ नावाचं मुक्त फर्मवेअर तयार होतं म्हणून बरं, बरेच जण तिकडे वळले. स्वीडनच्या बेंजामिन वेडरने सुरू केलेला व्हेस्क हाही असाच उघडा कंट्रोलर, त्यात कम्युटेशनचा कोड आपण स्वतः वाचू शकतो. मी एका रविवारी वाचला. त्या सहा पायऱ्या तिथे खरंच आहेत, आणि त्यांच्यापुढे जाणारी जास्त गुळगुळीत पद्धतही.

हेच आपल्या घरातही आलंय. मुंबईच्या अ‍ॅटमबर्गने २०१५ मध्ये ब्रशलेस डीसी पंखा बाजारात आणला. जुना पंखा ७५ वॉट खायचा, हा तीसच्या आत. विजेचं बिल बघता मी त्याच्या बाजूनेच मत देईन. पण जुन्या पंख्याचा कपॅसिटर गेला तर नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत बदलून द्यायचा. नव्याचं सर्किट गेलं की तो हात वर करतो, "साहेब, कंपनीला फोन करा." त्याच्या हाताला काही झालेलं नाही. त्याचं काम तांब्यातून कोडमध्ये गेलं, आणि तो कोड त्याला कुणी दाखवला नाही.

म्हणून निवडताना मी यादीत एक ओळ वाढवली. आकार ३६६०, चार ध्रुव, ३२०० च्या आसपास केव्ही, दोन सेल, ८० अँपिअरचा कंट्रोलर, कारण माझा ट्रक अडीच किलोचा आहे आणि माझ्याकडे मैदान आहे, दगड नाहीत. सेन्सरची सोय असलेला, म्हणजे पुढेमागे दगडांवर जायचं झालं तर अडणार नाही. आणि शेवटची ओळ, फर्मवेअर मला बदलता आलं पाहिजे. थोडे पैसे जास्त गेले. कॉम्बोवाला दुकानदार म्हणाला, "फर्मवेअर कोण बदलतं साहेब?" १९९० मध्ये कुणीतरी असंच म्हणालं असेल, कम्युटेटर घरी कोण कातून घेतं? घेणारे घेतच होते की.